पन्नाशीनंतरचे पहिले पाच किलोमीटर

तुमचं वय पंचावन्नच्या पुढे आहे. शाळेचं मैदान सुटल्यापासून तुम्ही धावलेले नाही. वजन हवं त्यापेक्षा पंधरा किलो जास्त आहे, तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाताना मध्ये एकदा कठडा धरून थांबावं लागतं, आणि तरीही या डिसेंबरात किंवा जानेवारीत पाच किलोमीटरच्या शर्यतीत उतरायचं तुम्ही मनावर घेतलं आहे. कुणाला मुलीने गळ घातलेली असते, कुणाला डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट दाखवून सुनावलेलं असतं, कुणाच्या सकाळी निवृत्तीनंतर रिकाम्या झालेल्या असतात. कारण कोणतंही असो, निर्णय चांगला आहे आणि पार पडण्याजोगा आहे. फक्त त्याला चार महिने द्या. दोन महिन्यांत उरकायला गेलात, तर शर्यतीच्या दिवशी गुडघा किंवा टाच शेकत घरी बसायची वेळ येऊ शकते.

चार महिने लागतात, कारण शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. नियमित हालचाल सुरू झाली की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच साथ देऊ लागतात. पाठोपाठ स्नायू येतात. पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, सांध्यांभोवतीचे बंध आणि खुद्द हाडं यांना मजबूत व्हायला महिने लागतात, आणि वय वाढलेलं असेल तर आणखी जास्त. म्हणून धावायला लागल्यापासून साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक फसवा काळ येतो. धाप लागत नाही, पाय हलके वाटतात, बरोबरची माणसं कौतुक करतात. त्या आनंदात माणूस ठरल्याच्या दुप्पट धावतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतो, आणि तिसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही. दम तयार झालेला असतो, टाचेवरची शीर झालेली नसते. या लेखातला बराचसा सल्ला त्या पाचव्या-सहाव्या आठवड्यातून तुम्हाला सुखरूप बाहेर काढण्यासाठी आहे.

आपल्याकडे अशा वेळी दोन उदाहरणं हमखास दिली जातात. एक, बारामतीच्या लता करे. पतीच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून २०१४ मध्ये साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी तीन किलोमीटरची शर्यत धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. दुसरे फौजा सिंग. वयाच्या नव्वदीला टेकल्यावर, २००० मध्ये, ते लंडनची मॅरेथॉन धावले आणि २०११ मध्ये टोरांटोची. दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण लता करे यांचं आयुष्य मजुरीत आणि चालण्यात गेलं होतं, फौजा सिंग शेतकरी होते. त्यांची हाडं आणि कंडरा कष्टाने घडलेल्या होत्या. तीस वर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाने त्यांच्याकडून हिंमत जरूर घ्यावी. वेळापत्रक मात्र स्वतःच्या शरीराला विचारून ठरवावं.

बूट घेण्याच्या आधी डॉक्टरांकडे जा. हे उपचारापुरतं सांगत नाही. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, ईसीजी एवढं तरी बघून घ्या. आणि ईसीजी चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका: तो स्वस्थ पडलेल्या हृदयाचा असतो. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपानाची जुनी सवय, सख्ख्या नात्यात कमी वयात आलेला हृदयविकाराचा झटका, यांपैकी काही असेल तर ट्रेडमिलवरची चाचणी करायची का, असं डॉक्टरांना थेट विचारा. चालताना छातीवर दडपण येणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणं, चढावर अचानक थकवा, डोळ्यांपुढे अंधारी, हे कधीही झालं असेल तर ते लपवू नका. अनेक जण 'डॉक्टर धावू देणार नाहीत' या भीतीने सांगत नाहीत. पुढे प्रशिक्षणाच्या काळात यातलं काहीही जाणवलं, तर तिथेच थांबायचं, बसायचं आणि मदत मागायची. पित्त झालं असेल म्हणून चालत राहायचं नाही. बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा छातीतल्या कळेऐवजी मळमळ, धाप आणि विचित्र थकवा अशा रूपात येतो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

गोळ्यांविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण तरुण प्रशिक्षकांच्या बोलण्यात हा विषय सहसा येत नाही. तुम्ही मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी घेत असाल, तर ती नाडीला वर जाऊ देत नाही. मनगटावरच्या घड्याळात ठोके कमी दिसतात, आणि आपण अजून जोर लावू शकतो असं वाटतं. '२२० वजा वय' हे सूत्र एरवीही ढोबळच आहे, या गोळीवर असताना ते विसरूनच जा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात अंगातलं पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. धावून थांबल्यावर चक्कर येऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी धावण्याआधी साखर तपासावी. ती ९०-१०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच निघावं. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरणं, एकदम घाम फुटणं, सुचेनासं होणं अशी लक्षणं दिसली की तीन चमचे साखर लगेच तोंडात टाकायची. साखर धावून झाल्यावर काही तासांनीही उतरू शकते, म्हणून सकाळचा नाश्ता टाळायचा नाही. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फारच कमी असतो. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी: धावताना दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊ नका. त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, रक्तदाब वाढवतात, आणि जे दुखणं तुम्हाला थांबवणार असतं तेच झाकून टाकतात.

आता वेळापत्रक. जगभर नवशिक्यांमध्ये सर्वात लोकप्रिय ठरलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये आखला, तोही पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. आठवड्यातून तीन दिवस, आणि पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावणं, ९० सेकंद चालणं. कल्पना उत्तम आहे आणि तिने लाखो लोकांना घराबाहेर काढलं. पण त्यात पाचव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सलग वीस मिनिटं धावायचं असतं. त्याच आठवड्यात दोन दिवस आधी तुम्ही एका वेळी आठच मिनिटं धावलेले असता. साठीजवळच्या, जास्त वजनाच्या माणसासाठी मला ही उडी मोठी वाटते. त्याऐवजी १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे सत्तरच्या दशकापासून जे शिकवत आले, ते आपल्या कामाचं आहे: दमल्यावर चालायचं नाही, दमण्याआधीच चालायचं, आणि हे शर्यतीच्या शेवटापर्यंत. चालण्याची मिनिटं आधीपासून ठरलेली असतात, त्यामुळे चालायला लागलं म्हणून खजील व्हायचं कारण राहत नाही.

पहिला महिना फक्त चाला. आठवड्यातून चार-पाच दिवस, वीस मिनिटांपासून सुरुवात करून चाळीस मिनिटांपर्यंत, झपझप. महिनाअखेरीस चाळीस मिनिटं चालून दुसऱ्या दिवशी काहीच दुखत नसेल तर धावायला घ्या. दुखत असेल तर आणखी दोन आठवडे चाला, शर्यत पुढच्या वर्षीही असते.

दुसऱ्या महिन्यापासून धावण्याचे दिवस तीन, मध्ये एक तरी दिवस सुट्टीचा. दर वेळी आधी दहा मिनिटं चालणं, शेवटी पाच मिनिटं चालणं. मधल्या भागात पहिले दोन आठवडे तीस सेकंद हळू धावायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं दहा वेळा. हे इतकं कमी वाटेल की घरी परतताना पुरेसं झालं नाही अशी रुखरुख लागेल. लागू द्या. नंतरचे दोन आठवडे एक मिनिट धाव आणि दीड मिनिट चाल, आठ-नऊ वेळा. तिसऱ्या महिन्यात दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. त्यातून तीन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. वर सांगितलेला फसवा काळ याच महिन्यात येतो. अंगात जोर आहे असं वाटलं तर तो धावण्याच्या दिवशी न खर्चता, मधल्या दिवशी अर्धा तास जास्त चालून खर्च करा. चौथ्या महिन्यात चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल इथवर पोचायचं, सात वेळा. शर्यतीच्या दोन आठवडे आधी एकदा अख्खे पाच किलोमीटर याच पद्धतीने करून बघा, म्हणजे अंतराची भीती जाते. शेवटच्या आठवड्यात मिनिटं निम्मी करा. त्या आठवड्यात जास्तीची मेहनत करून काहीही कमावता येत नाही.

कोणताही आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. हे मी आवर्जून सांगतो, कारण कागदावरचा तक्ता पुढे सरकला नाही की आपण मागे पडलो असं वाटून बरेच जण सोडून देतात.

आपल्या कॅलेंडरचाही विचार करा. डिसेंबरच्या शर्यतीसाठी ऑगस्टात सुरुवात केली, तर वाटेत गणपती, नवरात्र आणि दिवाळी येते. पाहुणे, जागरणं, मोदक, फराळ यांत दोन आठवडे जाणारच. ते आधीच धरून जुलैअखेरीस सुरुवात करा. नवरात्राचे कडक उपास असतील तर त्या दिवसांत फक्त चाला. मधुमेहींनी तर उपास करून धावूच नये. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हवेत फटाक्यांचा धूर साचलेला असतो, त्या दिवशी घरात व्यायाम करा. जुलै-ऑगस्टात शेवाळलेल्या फरशीवर आणि टेकडीच्या निसरड्या पायवाटेवर धावू नका. या वयात घसरून मनगट किंवा खुबा मोडला तर तो चार महिन्यांचा प्रश्न राहत नाही.

वेग किती असावा, याचं उत्तर घड्याळात शोधू नका. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. एकटे असाल तर पसायदानातली एक ओवी दोन श्वासांत म्हणून बघा. शब्द तुटायला लागले की हळू व्हा. हा वेग अनेकांना लाजिरवाणा वाटतो, कारण बाजूने झपझप चालणारे लोकही पुढे निघून जातात. जाऊ दे. पावलं छोटी ठेवा, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, पुढे लांब टाकू नका. टाच आधी पडावी की चवडा, यावर या टप्प्यात डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

'धावून गुडघे झिजतील' हे वाक्य तुम्हाला घरी, दारी, लग्नात सगळीकडे ऐकवलं जाईल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या एका संशोधनात हौशी धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये हेच प्रमाण सुमारे दहा टक्के होतं. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते तेरा टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे बेताने धावणं गुडघ्याचा शत्रू नाही. अर्थात ज्यांचा गुडघा आधीच झिजलेला आहे, जिना उतरताना दुखतो, सुजतो, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून मगच ठरवावं. वजन हा गुडघ्याचा खरा प्रश्न आहे. नुसतं चालतानाही शरीराचं एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हेही मोजलं गेलं आहे. दोन-तीन किलो उतरले तरी पायांना ते लगेच कळतं.

धावण्याइतकंच महत्त्व मी ताकदीच्या व्यायामाला देईन. वयाबरोबर स्नायू कमी होत जातात आणि पन्नाशीनंतर ही घट वाढते. नुसत्या धावण्याने ती भरून येत नाही. आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं पुरे, आणि व्यायामशाळेची गरज नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा, तीन खेपा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून टाचा वर नेणं आणि अगदी सावकाश खाली सोडणं. टाचेवरची शीर आणि पोटरी यांच्यासाठी याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. भिंतीला हात टेकून जोर. स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, मग दुसऱ्या. धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी घेत राहणं असतं, त्यामुळे एका पायावर स्थिर उभं राहता आलंच पाहिजे.

बूट नवे घ्या. मुलाचे जुने, जाडजूड दिसणारे बूट घालून हजारो पावलं टाकू नका. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. रक्तदाबाच्या अ‍ॅमलोडिपिनसारख्या गोळीनेही पाय सुजतात, त्यांनी तर हे पाळावंच. ज्या मोज्यांत धावणार ते मोजे घालून बूट चढवा, उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का बघा, आणि दुकानातच चार पावलं धावून बघा. टाच आत सरकायला नको, बोटं दाबली जायला नकोत. महागडा बूट म्हणजे चांगला बूट असं नाही; पायाला पहिल्या मिनिटापासून बरा वाटतो तो चांगला. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तो बदलायचा असतो, तोवर तुमच्या एकाहून जास्त शर्यती होतील. मधुमेहींनी रोज रात्री तळवे आणि बोटांमधली जागा बघावी, वाकता येत नसेल तर आरसा धरावा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आलेला कळत नाही. अनवाणी धावण्याचा सल्ला अशांनी कुणाकडूनही घेऊ नये.

जागा निवडताना सपाट आणि मऊ जमीन आधी बघा. मातीचं मैदान सिमेंटच्या रस्त्यापेक्षा बरं. चारशे मीटरचा ट्रॅक जवळ असेल तर पाच किलोमीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याला साधारण सव्वाचार. पुण्यात तळजई किंवा वेताळ टेकडी सकाळी सुंदर असते, पण चढ-उतार पहिल्या तीन महिन्यांत चालण्यापुरतेच ठेवा. उतारावर धावणं गुडघ्यांना आणि मांड्यांना सर्वात जड जातं. रस्त्यावरच धावावं लागणार असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, उजळ रंगाचे कपडे घालून. कुत्री मागे लागली तर धावू नका. थांबा, त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू बाजूला व्हा. कानात गाणी लावायची असतील तर एकच कान.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या लिहितो. धावताना लघवीचे थेंब जाणं ही बाळंतपणं झालेल्या, पाळी थांबलेल्या अनेक स्त्रियांची अडचण असते आणि तेवढ्यावरून कित्येक जणी धावणं सोडतात. कुणाजवळ बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात, आणि काही आठवड्यांत फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. दुसरं, पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात. धावण्याचा हाडांना फायदा होतो, पण आधीच फार ठिसूळ असतील तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. पूर्वी साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर हाडांची घनता तपासून घ्या. आणि कपड्यांचं म्हणाल, तर पंजाबी ड्रेस आणि घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा यांत उत्तम धावता येतं.

दुखणं ओळखायला शिकणं हा या चार महिन्यांतला मोठा अभ्यास आहे. मांड्या, पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्याच अवघडल्या आणि दोन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर ते मेहनतीचं दुखणं. एकाच बाजूला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर सावध व्हा. शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतचं दुखणं, जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळी उरत नाही, ते चालेल. लंगडावं लागत असेल तर तो दिवस संपला. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं टाचेखाली सुईसारखं टोचत असेल तर तळव्याच्या पट्ट्याला सूज आली आहे. पोटरी ताणण्याचे व्यायाम सुरू करा आणि धावणं कमी करा. नडगीच्या हाडावर एका ठिपक्यावर दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवा.

खाण्याविषयी एवढंच म्हणेन की या काळात कडक डाएट करू नका. अंगावर नवीन मेहनत आणि पोटात उपासमार, यात स्नायूच झिजतात. प्रथिनं मात्र मोजून खा. मूत्रपिंड निरोगी असलेल्या वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ते चौऱ्याऐंशी ग्रॅम. पोळी-भाजी, पातळ वरण आणि भात यांच्या नेहमीच्या ताटात ती भरत नाहीत. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम देते, एक अंडं सहा, मूठभर शेंगदाणे सात, शंभर ग्रॅम पनीर अठरा. मूग-मटकीची उसळ रोज, ताकाऐवजी दही, पोह्यांत दाणे सढळ, मांसाहार करत असाल तर मासे किंवा चिकन. धावण्याआधी अर्धं केळं किंवा एखादा राजगिऱ्याचा लाडू पुरे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या धावण्याला कसल्याही रंगीत पेयाची गरज नसते. पाणी, आणि फार घाम आला तर परतल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत.

शर्यत निवडताना सपाट मार्गाची आणि चालणाऱ्यांना सामावून घेणारी निवडा. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन आणि ज्येष्ठांसाठी सुमारे चार किलोमीटरची वेगळी धाव असते. तिथे वेळेची स्पर्धा नसते आणि गर्दीतले निम्मे लोक चालतच असतात. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनची चर्चा ऐकून मोह होईल, पण तिथे एकवीस किलोमीटर आणि यवतेश्वरचा घाट आहे. ते मनात ठेवायला हरकत नाही, या वर्षी नको.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा तुमच्या क्रमांकाचा कागद, आदल्या दिवशी किंवा त्याआधीच आणून ठेवा. त्याच्या मागच्या बाजूला जागा असते. तिथे घरच्यांचा नंबर, रक्तगट, आजार आणि चालू गोळ्यांची नावं लिहा. फार थोडे लोक हे करतात. नवे बूट, नवा टी-शर्ट, नवं खाणं त्या दिवशी नको. नेहमीची रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दीड-दोन तास आधी हलकं काहीतरी खा आणि घरूनच शौचाला जाऊन या, कारण तिथल्या रांगा लांब असतात. उभं राहायचं ते सर्वात मागे. बिगुल वाजला की समोरचा जमाव उधळतो आणि पाय आपोआप त्यांच्यामागे ओढले जातात. त्या पहिल्या किलोमीटरात सरावापेक्षाही हळू धावा, आणि चार मिनिटं झाली की, कितीही बरं वाटत असलं तरी, कडेला येऊन एक मिनिट चाला. मागून येणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून आधी हात वर करा. या हिशोबाने बहुतेकांना बेचाळीस ते पन्नास मिनिटं लागतील. शेवटच्या दोनशे मीटरवर ढोल-ताशे वाजत असतात, लोक नावाने हाका मारतात, आणि तिथेच सुसाट सुटावंसं वाटतं. हृदयावरचा ताण अशा अचानक वेग वाढवण्याने एकदम चढतो. त्याच वेगाने रेषा ओलांडा.

ओलांडल्यावर लगेच थांबू किंवा बसू नका. पायांतलं रक्त वर यायला स्नायूंची हालचाल लागते, एकदम थांबलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा, पाणी प्या, ओला शर्ट बदला, मधुमेह असेल तर साखर तपासा, मग पदकाचे फोटो काढा. पुढचे दोन दिवस फक्त चालणं. तिसऱ्या दिवशी काहीच दुखत नसेल तर दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल या जुन्या पायरीवर परत या आणि दोन आठवडे तिथेच राहा. दहा किलोमीटरचा अर्ज लगेच भरू नका. आधी तीन महिन्यांनी आणखी एक पाच किलोमीटर करा, आणि तोवर पायरीवरचे टाचांचे व्यायाम चालू ठेवा.